अश्विनातले पाच दिवस: मुरुड-हर्णैचा किनारा आणि परतल्यावरची बाग

दसरा झाला की पुण्यातल्या गच्चीवर काही दिवस असे येतात की पेरायचं काही नसतं आणि तोडायचंही फारसं नसतं. भेंडी, गवार, दोडका आटोपलेले असतात. कुंड्यांतली माती चार महिने पावसाने धुऊन निघालेली असते. गुलाबाची छाटणी तोंडावर आलेली, पण मेथी-कोथिंबिरीला ऊन अजून कडक. बाग सोडून समुद्रावर जायचं तर हेच दिवस गाठावेत. आठवडाभर आधी गेलात तर घेवड्या-काकडीची शेवटची तोड जाते, पंधरा दिवस उशिरा गेलात तर उगवून आलेली रोपं पाण्यावाचून मरतात.

खाली दिलेला दापोलीजवळच्या मुरुड-हर्णैच्या सहलीचा क्रम अश्विन शुद्ध एकादशी ते वद्य प्रतिपदा असा आहे. तो तिथीवर बेतण्याचं कारण समुद्र. कोकणात भरतीचा जुना हिशेब असा, की तिथीचा आकडा पाऊणपट करायचा, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो. भरतीनंतर सहा तासांनी पुरी ओहोटी. म्हणजे द्वादशी ते पौर्णिमा या चार दिवसांत ओहोटी दुपारी तीन ते संध्याकाळी साडेपाचच्या दरम्यान लागते आणि फिरायला सगळा किनारा मोकळा मिळतो. हेच दिवस अष्टमीच्या आसपास धरले तर सूर्यास्ताला पाणी सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं असतं.

एकादशी, घरी

निघायच्या आदल्या दिवशी बागेला पाच तास द्यावे लागतात. आधी गुलाब वेगळे काढायचे. छाटणीपूर्वी गुलाबाचं पाणी तोडायची रीत आहे. जमिनीतल्या झाडांचं पाणी आठवडाभर पूर्ण तोडलं तरी चालतं, पण कुंडीतल्या झाडांना ऑक्टोबरच्या उन्हात ते सोसत नाही. त्यांना नेहमीच्या निम्मं पाणी मिळेल अशी सोय करायची. झाड थोडं विश्रांतीत जातं, जुनी पानं पिवळी पडून गळतात आणि छाटणीनंतर डोळे जोमाने फुटतात. आपण घरी नसणं गुलाबाच्या पथ्यावरच पडतं.

मग रिकाम्या झालेल्या कुंड्या. त्यातली माती काढून, ढेकळं फोडून, गच्चीच्या सर्वांत उन्हाच्या कोपऱ्यात ताडपत्रीवर दोन इंच जाडीने पसरायची. पाच दिवसांच्या उन्हात ती खडखडीत वाळते, हुमणीच्या अळ्या उघड्या पडून मरतात, गोगलगायीची अंडी सुकतात. माती चाळताना साबुदाण्याएवढे पिवळसर-पांढरे गोळे पुंजक्याने दिसले तर ती गोगलगायीची अंडी. वाळण्याची वाट न बघता ती चिरडून टाकावीत.

उरलेल्या कुंड्या एकमेकींना खेटून, पूर्वेचं ऊन मिळेल पण दुपारचं लागणार नाही अशा भिंतीच्या कडेला आणायच्या. लहान कुंड्या मध्ये, मोठ्या बाहेर. खेटून ठेवलेल्या कुंड्यांच्या बाजू तापत नाहीत, आणि कुंडीचं बरंचसं पाणी या तापलेल्या बाजूंमुळेच जातं. वर दोन इंच वाळक्या पाल्याचं आच्छादन द्यायचं. या दिवसांत बारा इंची कुंडी रोज एक ते दीड लिटर पाणी पिते, आठ इंची अर्धा लिटर. खेटून, सावलीत आणि आच्छादनाखाली तीच गरज जवळजवळ निम्म्यावर येते. पाण्याची सोय करण्याआधी हे करायचं ते याचसाठी.

ठिबक लावणार असाल तर एक गोष्ट दुकानदार बहुधा सांगत नाही. बॅटरीवर चालणारे नळाचे टायमर दोन जातींचे असतात. सोलेनॉइडच्या, म्हणजे विजेच्या चुंबकाने पडदा उघडणाऱ्या, टायमरला उघडायला पाण्याचा दाब लागतो, गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला तो नसतो. टायमर वेळेवर टक् असा आवाज करतो आणि पाणी येत नाही. टाकीच्या पाण्यासाठी बॉल व्हॉल्व्हचाच टायमर घ्यायचा. ड्रिपरचंही तसंच. त्यावर लिहिलेला ताशी 4 लिटरचा आकडा एक किलो दाबाचा, म्हणजे दहा मीटर उंचीवरून येणाऱ्या पाण्याचा असतो. टाकीतली पाण्याची पातळी ड्रिपरपेक्षा दीड मीटर उंच असेल तर त्याच ड्रिपरमधून तासाला दीड लिटरच्या आसपास पाणी पडतं. दाब समान राखणारे महागडे ड्रिपर इतक्या कमी दाबावर नीट चालत नाहीत, साधे घ्यावेत. नळीच्या सुरुवातीला जाळीची गाळणी हवीच, कारण पावसाळ्यानंतर टाकीच्या तळाशी गाळ असतो आणि एक कण एक कुंडी मारतो. सगळं जोडून झालं की प्रत्येक ड्रिपरखाली वाटी ठेवून अर्धा तास चालवायचं आणि मापून बघायचं. ही चाचणी निघायच्या दिवशी नाही, दोन दिवस आधी.

ठिबक नसेल तर सुती दोरी पुरते. करंगळीएवढी जाड दोरी आधी पाण्यात पूर्ण भिजवायची, कोरडी दोरी पाणी ओढायला सुरुवातच करत नाही. एक टोक दगड बांधून बादलीच्या तळाशी, दुसरं कुंडीत तीन इंच खोल. बादलीच्या काठापासून पाण्याची पातळी वीतभर खाली गेली की दोरी मंदावते, म्हणून बादली अरुंद आणि उंच नको, पसरट हवी. कुंडीतलं टोक बादलीतल्या पाण्यापेक्षा बरंच खाली असेल तर वक्रनळीसारखं होऊन रात्रीत बादली रिकामी होते. बादली आणि कुंडीची माती एका पातळीवर ठेवावी. बादलीला फडकं बांधायचं आणि कुंड्यांखालच्या ताटल्या काढून ठेवायच्या, आठवड्याभरात डासांच्या अळ्या तयार होतात.

निघण्यापूर्वी काही पेरू नये. आलं की उगवलेलं दिसेल हा मोह सगळ्यांना होतो. अंकुराचं मूळ अर्धा इंचाचं असतं आणि वरचा अर्धा इंच एका दुपारीत सुकतो.

द्वादशी, पुणे ते मुरुड

ताम्हिणी उतरून माणगाव, तिथून महामार्गाने महाड, पोलादपूर, कशेडीचा बोगदा, खेडचा भरणे नाका आणि उजवीकडे वळून दापोली. सव्वादोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. सकाळी सहाला निघालं तर थांबत थांबत दुपारच्या जेवणाला मुरुडला पोचता येतं. ताम्हिणीतले धबधबे आता बारीक झालेले असतात, पण कड्यांवर सोनकी पिवळी असते आणि घाटाखाली भात कापणीला आलेलं. हळव्या, म्हणजे लवकर तयार होणाऱ्या भाताची कापणी याच दिवसांत चालते. रस्त्याच्या कडेला वाळत घातलेल्या पेंढ्यावरून गाडी नेऊ नये.

गाडीत रिकामे खोके चार, जुनी वर्तमानपत्रं, सुतळी, एक पाण्याचा फवारा आणि दोन गोणपाटं आठवणीने घ्यायची. चौथ्या दिवशी यांचीच गरज पडते.

मुक्काम मुरुड किंवा कर्दे इथे करावा, दापोली गावात नाही. दापोली समुद्रापासून दूर, उंच पठारावर आहे, रोज उतरणं-चढणं होतं. मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव. रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरं, घरामागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीच्या टोकाला पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, अशी गावाची रचना आहे. अशा घरात उतरलात तर सकाळी वाडीचं शिंपणं बघायला मिळतं. दुर्गादेवीच्या देवळातलं लाकडी खांबांवरचं कोरीव काम उजेडात, चारच्या आधी बघावं.

गाडी पुळणीवर उतरवू नये. वरची वाळू टणक दिसते, पण भरतीच्या रेषेखाली ती पाण्याने फुगलेली असते. चाक रुतलं की सहा तासांत पाणी परत येतं.

त्रयोदशी, आसूद

बागेची आवड असलेल्या माणसाने या सहलीत एकच ठिकाण बघायचं ठरवलं तर ते आसूद असावं. दापोली-हर्णै रस्त्यावर आसूदला उतरून दाबकेवाडीतून खाली चालत जायचं. दोन्ही बाजूंना पोफळी, इतक्या दाट की अकरा वाजताही पायाखाली ऊन नाही. तळाशी ओढा, ओढ्यावरून पलीकडे गेलं की केशवराजाच्या देवळाच्या पायऱ्या. जांभ्याच्या पायऱ्यांवर पावसाळ्याचं शेवाळ अजून असतं, गुळगुळीत तळव्यांच्या चपला घालू नयेत. वर देवळाच्या अंगणात गोमुखातून बारमाही पाणी पडतं.

लोक वर जातात, दर्शन घेतात, फोटो काढतात आणि उतरतात. बघण्यासारखी गोष्ट मात्र वाटेवर आहे: दगडी पाट. वरच्या झऱ्याचं पाणी उताराच्या बेताने बांधलेल्या पाटांतून वाड्यांमध्ये फिरवलेलं आहे. पाटाचा उतार इतका अलगद असतो की पाणी चालताना दिसतं, पण माती वाहून नेत नाही. पाटातून दांडात, दांडातून पोफळीच्या आळ्यात. आळं भरलं की मातीचा बांध फोडून दुसरीकडे पाणी वळवायचं. पंप नाही, दाब नाही, वीज नाही. गच्चीवरच्या टाकीचं ठिबक हे याच तत्त्वावर चालतं: उंची थोडी, वेग कमी, वेळ जास्त.

वाडीतल्या जमिनीकडे नीट बघावं. उघडी माती कुठे दिसत नाही. पडलेल्या झावळ्या, पोफळीच्या विऱ्या, नारळाची सोडणं म्हणजे काथ्याची जाड सालं आळ्यात उलटी अंथरलेली असतात. सोडण पाणी धरून ठेवतं आणि सावकाश कुजतं. वर नारळ, त्याखाली पोफळ, पोफळीवर चढलेली मिरीची वेल, मधल्या जागेत जायफळ किंवा केळ, पायाशी अळू आणि हळद. नारळ 25 फुटांवर आणि पोफळ 9 फुटांवर लावायची शिफारस आहे, पण जुन्या वाड्यांत अंतरं माणसाच्या हातच्या अंदाजाने पडलेली असतात. प्रत्येक थराला उजेडाचा वेगळा वाटा मिळतो. घरच्या गच्चीवर पूर्ण उन्हाची जागा आणि भिंतीची सावली अशा दोनच जागा आपण मानतो. पपई किंवा शेवग्याची मोठी कुंडी पश्चिमेला ठेवली, तिच्या चाळणीसारख्या सावलीत मिरी, अळू, हळद ठेवली, की तिसरी जागा तयार होते. दुपारच्या उन्हात करपणारी अर्धी झाडं याच जागेत सुखाने वाढतात.

आळ्यात बोराएवढ्या कच्च्या सुपाऱ्यांचा सडा दिसला, त्यांवर पांढरी बुरशी असली, तर तो कोळे रोग. पावसात पसरतो, म्हणून बागायतदार पावसाच्या तोंडावर घोसांवर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारतात. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. घरी करायचं तर दहा ग्रॅम, दहा ग्रॅम आणि एक लिटर. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करायचे, लोखंडाचं भांडं वापरायचं नाही. तयार मिश्रणात लोखंडी खिळा मिनिटभर बुडवावा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे. तसंच फवारलं तर पानं जळतात.

संध्याकाळी चारच्या ओहोटीला कर्द्याची पुळण. लांब, सपाट, चालायला उत्तम.

चतुर्दशी, हर्णै आणि आंजर्ले

सुवर्णदुर्गाची होडी सकाळी धरायची. पावसाळ्यानंतरचे हे पहिले दिवस, दुपारी वारा वाढला की हर्णैच्या बंदरातून बाहेर पडताना होडी चांगलीच डुलते. अंगात लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नये आणि परतीची वेळ होडीवाल्याशी आधी ठरवावी, कारण ती भरती-ओहोटी बघून तो ठरवतो, आपण नाही. किल्ल्यावर पिण्याचं पाणी आणि सावली दोन्हींची वानवा आहे. माणशी दोन लिटर पाणी न्यावं. पावसाळ्यात वाढलेलं गवत-काटेरी झुडपं या दिवसांत कंबरेपर्यंत असतात, पूर्ण विजार आणि बूट हवेत. महादरवाजाजवळ तटावर कोरलेला मारुती आणि पायरीवरचं कासव बघायचं. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराशी जोडलेला हा जलदुर्ग 2025 साली मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेला. किनाऱ्यावरच्या कनकदुर्गाला दीपगृह आहे. तिथून सुवर्णदुर्ग पूर्ण दिसतो, होडी मिळाली नाही तर तेवढ्यावर समाधान मानावं.

दुपारी आंजर्ले. कड्यावरच्या गणपतीच्या देवळातून खाली खाडी, माडांचे शेंडे आणि पलीकडे सुवर्णदुर्ग.

संध्याकाळी चारनंतर हर्णै बंदरात माशांचा लिलाव. लिलाव ढिगाचा आणि टोपल्यांचा असतो. घरच्यापुरते मासे हवे असतील तर त्यात पडू नये, कडेला बसलेल्या कोळणींकडून घ्यावेत. पापलेट, सुरमई, बांगडा, कोळंबी, म्हाकूल या दिवसांत येतात. कल्ले उघडून लाल बघायचे, पोट दाबलं की खड्डा राहता कामा नये. पुण्याला न्यायचे तर आज घेऊ नका, परवा सकाळी निघताना घ्यायचे: थर्मोकोलच्या खोक्यात माशाइतक्याच वजनाचा बर्फ, आणि वितळलेलं पाणी निघायला तळाला भोक.

सुकटीची कुटी, म्हणजे सुक्या मासळीचा चुरा, खत म्हणून न्यायला अनेकांना आवडते. माडाच्या आळ्यात ती टाकायची इथली रीत आहे, पण वाडीत ती खोल मातीखाली जाते आणि चार हातांवर घर नसतं. गच्चीवर तिला मांजरं, मुंग्या आणि घुशी येतात, शेजाऱ्यांची तक्रार वेगळी. त्याऐवजी माशाची डोकी-आतडी आणि तेवढाच गूळ झाकणाच्या बरणीत महिनाभर मुरवून गाळलेलं द्रावण चांगलं. लिटरला दोन मिली, पंधरा दिवसांतून एकदा. बरणीचं झाकण सैल ठेवायचं, आत वायू साठतो.

समुद्राची वाळू कुंडीसाठी भरून नेऊ नये. तिच्यात मीठ असतं, ते धुऊन जाईलही, पण शिंपल्यांचा चुरा म्हणजे चुना तसाच राहतो आणि मातीचा सामू वाढवतो. किनारा कमी होतो ते वेगळंच.

पौर्णिमा, विद्यापीठाची रोपवाटिका आणि लाडघर

डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ दापोलीत आहे, 1972 पासून. नीलम आणि हापूसच्या संकरातून आलेला रत्ना आंबा इथला. रत्ना आणि हापूस पुन्हा एकत्र करून काढलेला सिंधू, ज्याची कोय कागदासारखी पातळ असते, तोही इथलाच. कोकण अमृता हे कोकम, कोकण तेज ही दालचिनी, नारळाच्या बागेत मसाल्याची झाडं लावायची लाखी बाग, ही सगळी या विद्यापीठाची देणगी. रोपं घ्यायची तर सकाळी, रविवार आणि सरकारी सुट्टी टाळून जायचं. आंबा-नारळाच्या रोपांचा मोठा साठा जूनमध्ये संपतो, ऑक्टोबरमध्ये उरलेलं मिळतं. कुंडीवाल्यांना त्याने फरक पडत नाही, कारण कुंडीसाठी घ्यायची झाडं वेगळीच आहेत.

पहिली पसंती झुडपी मिरी. मिरीच्या वेलीला दोन तऱ्हेच्या फांद्या असतात. वर चढणाऱ्या आणि आडव्या वाढणाऱ्या. फळ आडव्या फांद्यांना येतं. त्या आडव्या फांदीपासून केलेलं रोप चढत नाही, दोन-तीन फुटांचं झुडूप होतं आणि बारा इंची कुंडीत वर्ष-दोन वर्षांत मिरी देतं. घेताना विचारून घ्यावं, वेलीचं रोप आणि झुडपाचं रोप पिशवीत सारखंच दिसतं. तळाजवळून सरळ उभी, पेरांवर मुळं असलेली फांदी दिसली तर ती वेल.

कोकम हवं असेल तर कलमच घ्यावं. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, बियांपासून आलेलं रोप नर निघालं की सहा-सात वर्षं वाया. जायफळ सुंदर दिसतं, पण पुण्याच्या कोरड्या मार्च-एप्रिलमध्ये त्याची पानं कडेने करपतात. ते नेऊ नये. ओढ्याकाठी या दिवसांत फुललेला सोनटक्का मात्र जरूर न्यावा. ज्याच्या वाडीत असेल त्याला विचारून चार इंचाचा, दोन डोळ्यांचा कंद घ्यायचा, दोन इंच खोल, अर्ध्या सावलीत लावायचा आणि कुंडीची माती कधी सुकू द्यायची नाही. मुक्कामाच्या घरी सोडणं मागितली तर ढिगाने मिळतात. गोणपाट त्यासाठीच आणलेलं.

तांबडी माती भरून नेण्यात अर्थ नाही. जांभ्याची माती आम्लधर्मी आणि स्फुरद धरून ठेवणारी असते. मोकळ्या डोंगरउतारावर ती उत्तम निचरा देते, पण कुंडीत वारंवार पाणी पडून विटेसारखी घट्ट होते.

रोपांना आज संध्याकाळी पाणी द्यायचं, उद्या सकाळी नाही. ओली पिशवी गाडीच्या हादऱ्यांनी मातीसकट फुटते.

संध्याकाळी लाडघर. इथल्या किनाऱ्यावर लाल-तपकिरी गोटे आहेत आणि पाण्याला तांबूस छटा येते, म्हणून याला तामसतीर्थ म्हणतात. पाच-साडेपाचला ओहोटी तळाला असते, उधाणाच्या दिवशी पाणी इतकं मागे जातं की एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. उधाणाची ओहोटी ओढही तितकीच जोराची देते. दुपारी बारा ते पाच या वेळात गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये, पोहता येत असलं तरी. पाच जणांची साखळी करून उभं राहणं हा तर सर्वांत धोक्याचा प्रकार: एकाच्या पायाखालची वाळू सरकली की पाचही जण जातात.

रात्री कोजागरी. तिथीचा हिशेब इथे फार सुरेख जुळतो. दूध आटवून, केशर-वेलदोडा घालून वाट्या हातात येतात तेव्हा मध्यरात्र असते, चंद्र डोक्यावर असतो आणि उधाणाची भरती पूर्ण भरलेली असते. संध्याकाळी जिथे उभे होतो तिथे पुरुषभर पाणी. भरतीच्या खुणेच्या, म्हणजे वाळक्या शेवाळाच्या रेषेच्या वर बसावं.

वद्य प्रतिपदा, परत

रोपं गाडीच्या डिकीत बंद करू नयेत, तिथली उष्णता दोन तासांत कोवळी पानं शिजवते. मागच्या सीटखाली खोक्यांत उभी, वर ओलं वर्तमानपत्र, खिडक्या बंद. घाटातल्या वाऱ्याने पानं फाटतात आणि सुकतात. महाडला एकदा फवारा मारावा.

घरी आल्यावर नवी रोपं लगेच मोठ्या कुंडीत लावू नयेत. आठ दिवस सावलीत, आहेत त्या पिशवीत ठेवायची आणि जुन्या झाडांपासून लांब. पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यात कापसासारखा दिसतो, तो रोपवाटिकेतूनच घरी येतो. दिसला तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन मिली द्रवरूप साबण घालून संध्याकाळी फवारावं, दर पाच दिवसांनी, तीन वेळा. बोअरचं पाणी असेल तर मिरी-कोकमाची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहतात. हा लोहाचा अभाव. चिलेटेड लोह लिटरला अर्धा ग्रॅम, पानांवर.

पुढचे दोन दिवस, गच्चीवर

पहिली छाटणी गुलाबाची. पानं पिवळी पडलेली असतात, घाबरू नये. मेलेल्या, आत वळलेल्या आणि पेन्सिलीहून बारीक फांद्या मुळाशी काढायच्या. चार-पाच निरोगी फांद्या नऊ ते बारा इंचांवर, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरप्या कापायच्या. उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला, नाहीतर पाणी डोळ्यावर साचून तो कुजतो. कापाला बोर्डो पेस्ट: मोरचूद आणि चुना दहा-दहा ग्रॅम, पाणी शंभर मिली. खत लगेच नाही. आठवड्याने डोळे फुगले की बारा इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत, वीस ग्रॅम हाडांची भुकटी, पंचवीस ग्रॅम निंबोळी पेंड. छाटणीपासून पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी फुलं, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला.

शेवंतीच्या शेंड्याला आता हात लावायचा नाही, कळ्या धरण्याचा काळ सुरू झाला. रात्री मोठी व्हायला लागली की ती कळ्या धरते. गच्चीवरचा दिवा रात्रभर तिच्यावर पडत असेल तर कळ्या लांबतात. दिवा बंद करा किंवा कुंडी हलवा.

वाळलेली माती आता चाळायची. माती चार भाग, शेणखत किंवा गांडूळखत तीन, कोकोपीट दोन, वाळू आणि निंबोळी पेंड मिळून एक. आणलेली सोडणं दोन दिवस पाण्यात बुडवून, पाणी तीनदा बदलून मगच वापरायची. त्यांतला तांबडा अर्क आणि किनाऱ्याकडचं मीठ निघून जातं. हाताएवढे तुकडे कुंडीच्या तळाशी आणि उरलेली उलटी आळ्यात, आसूदला बघितली तशी.

मेथी: दीड फूट बाय एक फुटाच्या ट्रेमध्ये वीस ग्रॅम बी, पाव इंच मातीखाली. चार दिवसांत उगवते, पंचविसाव्या दिवशी काढायची. धणे चपलेने रगडून दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवायच्या, पेरल्यावर आठ-दहा दिवस माती ओली ठेवायची. कोथिंबीर उगवत नाही ती बहुतेक वेळा ऊन लागून. उगवेपर्यंत पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी वर हवी. मुळ्याला बारा इंच खोली. गाजराचं बी बारीक वाळूत मिसळून थेट कुंडीत, रोप करून हलवलं तर मुळाला फाटे फुटतात. टोमॅटो, कोबी, फ्लॉवर यांची रोपं ट्रेमध्ये आता टाकली की दिवाळीनंतर पंधरवड्याने लावायला येतात. रोपं मातीलगत बारीक होऊन कोलमडत असतील तर पाणी जास्त झालंय. पेरताना ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी किलोभर खताला पाच ग्रॅम मिसळलेली असेल तर हे सहसा होत नाही. वाटाण्याची घाई नको. रात्री पांघरूण घ्यावंसं वाटायला लागलं की पेरायचा.